छाप, चेहरा आणि गिऱ्हाइकाचा भरवसा

कापडाच्या धंद्यात ज्यांची उमर गेली, त्यांना छापाची किंमत सांगायला नको. पूर्वी विलायती गिरण्यांच्या मालावर रंगीत चित्रांची तिकिटे असत. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईकही चित्र ओळखून नेमका तोच माल मागे. खताच्या व्यापाऱ्यांनीही हीच युक्ती वापरली. एकाच खताच्या दोन छापांची हकिगत आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेण्यासारखी आहे.

ते खत म्हणजे चिली देशातील अटाकामा वाळवंटात खणून काढलेले सोडियम नायट्रेट. त्यात नत्र सुमारे १६ टक्के. १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे हवेतील नत्रापासून अमोनिया बनवण्याचा कारखाना सुरू झाला. पुढे कारखान्यातील खत बाजारात आले आणि चिलीच्या मालाचे गिऱ्हाईक तुटू लागले. मग जाहिरातीचा जोर वाढला.

स्पेनसाठी १९२९ साली आदोल्फो लोपेझ-दुरान यांनी एक चित्र काढले. पिवळ्या रंगावर घोडेस्वाराची काळी आकृती, बस्स. या चित्राच्या चकाकत्या फरशा गावोगावच्या भिंतींवर बसवल्या गेल्या. त्यातल्या काही आजही जपून ठेवलेल्या आहेत.

अमेरिकेच्या दक्षिण भागात १९३० ते १९४० च्या दशकांत वेगळा छाप चालला. नाव ‘अंकल नॅचेल’. ‘नॅचरल’ म्हणजे नैसर्गिक, त्याचा हा मोडका उच्चार. हा म्हातारा काळा माणूस सनी नावाच्या गोऱ्या मुलाला सांगे की नैसर्गिक खतच चांगले. चिलीच्या मालात बोरॉन, आयोडीन असे काही अंश थोडे जास्त असत, हे खरे. पण पिकाला मिळणारे नायट्रेट खाणीतले काय नि कारखान्यातले काय, एकच. म्हणजे विकला जात होता तो म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा भरवसा.

आणि त्या चेहऱ्याची इज्जत? त्याच मुलखात त्या काळी काळ्या लोकांना मतदान जवळजवळ बंद होते, त्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. त्यांचे शहाणपण मालाला लावले आणि बोली हसण्यासाठी ठेवली. टोपी-दाढीचे चित्र कोणी थट्टेसाठी वापरले तर आपल्याला काय वाटते, ते आठवून पाहा.

अशा छापाचा हिशेब उशिरा का होईना, चुकवावा लागतो. ‘आंट जेमायमा’ हे काळ्या बाईच्या चित्राचे जुने नाव मालकांनी २०२० मध्ये सोडण्याचे जाहीर केले आणि २०२१ मध्ये बदलले. इतक्या वर्षांची ओळख पुसून नव्याने सुरुवात करावी लागली.

आपल्याकडे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली चित्राचीही नोंदणी होते. ती १० वर्षे चालते व नूतनीकरण करता येते. कोणत्याही समाजाच्या धार्मिक भावना दुखावणारे चिन्ह मात्र नोंदले जात नाही. तेव्हा छाप साधा निवडा, दुरून ओळखू येईल असा. कुणाचा चेहरा घ्यायचाच असेल, तर ज्यांचा चेहरा आहे त्यांना तो दुकानात येऊन अभिमानाने पाहता आला पाहिजे.