स्वरलेखनाचे दोन कागद

परदेशी विद्यापीठात देवाणघेवाणीच्या योजनेतून एखाद्या सत्रापुरता संगीतशास्त्र शिकायला जाणारा हिंदुस्थानी संगीताचा विद्यार्थी तेथे गाण्यापेक्षा गाणे ऐकून लिहून काढण्याचे काम अधिक करतो, आणि त्या कामाची पूर्वतयारी दक्षिण मुंबईत शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. वाळकेश्वरला 1860 साली जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घराणेदार गायकांकडून मिळवलेल्या बंदिशी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त स्वरलिपीत, म्हणजे स्वर आणि ताल कागदावर उतरवण्याच्या चिन्हपद्धतीत, बांधल्या, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली बिंदू आणि तार सप्तकासाठी वर बिंदू अशी ही पद्धत आहे.

या लिपीत गायकाची पट्टी, म्हणजे त्याच्या आधारस्वराची उंची, हार्मोनियमची काळी एक असो वा काळी चार, षड्ज ‘सा’च राहतो, पाश्चात्त्य लिपीत मात्र पाच समांतर रेषांवर प्रत्येक स्वराची उंची ठरलेली असल्यामुळे एकच बंदिश पट्टीगणिक निराळी लिहावी लागते, किंवा सर्व लेखन एका समान षड्जावर आणून मूळ पट्टी वेगळी नोंदवावी लागते. दोन्ही लिप्यांची खरी कसोटी दरबारी कानडा रागाच्या आंदोलित, म्हणजे संथपणे झुलणाऱ्या, गंधारापाशी लागते. इंग्रज अभ्यासक अलेक्झांडर एलिस यांनी 1885 साली मांडलेल्या ‘सेंट’ या मापाने, ज्यात सप्तकाचे 1200 समान भाग मानतात, त्या झुल्याची उंची मोजता येते आणि संगणकाच्या आलेखावर त्याची वळणेही दिसतात. परंतु त्यातला स्वर कोणता आणि त्याकडे नेणारी वाट कोणती, हा निर्णय तालमीत तयार झालेला कानच देतो.

दोन्ही परंपरांचा असा अभ्यास पूर्वी झालाही आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य बी. आर. देवधर यांनी मुंबईतच एका इटालियन शिक्षकाकडे पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास केला आणि 1925 साली ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ ही संस्था सुरू केली. ऑपेरा हाऊसजवळच्या त्यांच्या या विद्यालयात पुढे गायक कुमार गंधर्व घडले. दुसरी परंपरा समजून घेतल्याने आपली परंपरा अधिक स्पष्ट ऐकू येते, हे देवधरांच्या कार्यातून दिसते. म्हणून परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी निदान एक राग गुरूसमोर बसून गळ्यात मुरवावा आणि स्वतःच्या हाताने भातखंडे लिपीत लिहावा. तुलनेसाठी आपला कागद हाती नसेल, तर दुसरा कागद अपुराच वाचला जातो.