मध्ययुगीन इंग्लिश पॅरिश चर्चची रचना आणि कुलाब्याचे अफगाण चर्च

प्रास्ताविक :
वास्तूचा अभ्यास करताना भिंती, कमानी व शिखरे यांकडे जितके लक्ष दिले जाते, तितके आतील साधनांकडे दिले जात नाही. वस्तुतः प्रार्थनास्थळातील प्रत्येक वस्तूची जागा तेथील आचाराने ठरलेली असते. मुंबईतील कुलाब्याचे सेंट जॉन चर्च, अर्थात अफगाण चर्च, हे याचे महाराष्ट्रातील बोलके उदाहरण होय.

मूळ रचना :
मध्ययुगीन इंग्लंडमधील पॅरिश चर्च म्हणजे एका धर्मविभागातील लोकांचे चर्च. त्याची मांडणी सामान्यतः पूर्व-पश्चिम असे. पश्चिमेकडील ‘नेव्ह’ हे भाविकांचे दालन, तर पूर्वेकडील ‘चॅन्सल’ हे वेदीचे स्थान. माळशिरस तालुक्यातील वेळापूरच्या अर्धनारी नटेश्वर मंदिरातील सभामंडप व गर्भगृह यांच्याशी ही विभागणी ताडून पाहता येते. नेव्ह व चॅन्सल यांच्यामध्ये बहुधा कोरीव लाकडी जाळी असे. बाप्तिस्म्याचे दगडी जलपात्र प्रवेशद्वाराजवळ ठेवीत. कारण बाप्तिस्मा हा धर्मसमूहातील प्रवेश मानला जाई. चॅन्सलची डागडुजी धर्मगुरूने व नेव्हची लोकांनी करावी, असा प्रघात होता. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने आचार बदलला. त्याबरोबर दगडी वेदींच्या जागी लाकडी मेजे आली आणि भित्तिचित्रांवर चुना फिरला.

कुलाब्यातील अनुकरण :
एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हीच मध्ययुगीन रचना पुन्हा आदर्श ठरली. पहिल्या अफगाण युद्धातील (१८३८-४२) मृतांच्या स्मरणार्थ कुलाब्यात १८४७ साली चर्चची पायाभरणी झाली. हेन्री कॉनीबेअर यांच्या आराखड्यानुसार उभारलेल्या या चर्चचा समर्पणविधी १८५८ मध्ये झाला, तर मनोरा १८६५ मध्ये पूर्ण झाला. नेव्ह, चॅन्सल, टोकदार कमानी व रंगीत काचांच्या खिडक्या हा आराखडा इंग्लंडचा; बांधकामाचा बेसाल्ट मात्र येथील. बाकांना बंदुका टेकविण्यासाठी केलेल्या खाचा विशेष लक्षणीय आहेत. येथील उपासक छावणीतील सैनिक होते व ते शस्त्रांसह प्रार्थनेस बसत, हे त्या खाचांवरून कळते.

निष्कर्ष :
ही बाके हलविली असती, तर भिंती शाबूत राहूनही वास्तूच्या इतिहासाचा एक पुरावा नष्ट झाला असता. हेच तत्त्व गावोगावच्या मंदिरांच्या जीर्णोद्धारासही लागू पडते. घंटा, दीपमाळ, लाकडी खांब किंवा पायरीचा दगड हलविण्यापूर्वी त्याची मूळ जागा, माप व छायाचित्र यांची नोंद होणे आवश्यक आहे. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे कार्य अल्प खर्चात करता येण्यासारखे आहे.