सीमेवरचा दवाखाना

ब्रह्मदेश म्हटला की आपल्याला रंगून आठवते. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब तेथील जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते. त्याच देशात ऑगस्ट १९८८ मध्ये विद्यार्थी आणि कामगार लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरले. लष्कराने गोळ्या घातल्या. हजारो लोक जंगलवाटेने थायलंडात पळाले. त्यांत केरन समाजातील तरुण डॉक्टर सिंथिया माँग होत्या.

फेब्रुवारी १९८९ मध्ये माए सॉट या सीमेवरच्या गावी एका मोडक्या घरात त्यांनी दवाखाना मांडला. उपकरणे निर्जंतुक करायला भात शिजवण्याचा कुकर! हिवतापाने फणफणलेले विद्यार्थी हे पहिले रोगी. पुढे शेतमजूर आले, शिवणकारखान्यांतल्या बाया आल्या, सुरुंगाने पाय गेलेले आले. त्यांच्यासाठी कृत्रिम पाय तेथेच बनू लागले. सेवा करणारेही बहुतेक निर्वासितच. १९९५ मध्ये मुलांसाठी शाळा निघाली. २००२ मध्ये डॉ. सिंथियांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

येथे जन्मलेल्या बाळाची नोंद आवर्जून केली जाते. कागद नसला की शाळेचे दार बंद होते, हे कामगाराच्या घरात सांगायला नको.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली आणि नवे लोंढे आले. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने मदत रोखताच सीमेवरच्या छावण्यांतील दवाखाने बंद पडले. परक्याच्या पैशाचा भरवसा नसतो. बंधू-भगिनींनो, दुःखी माणसानेच दुःखी माणसाला दिलेला हात मात्र टिकतो. माए सॉटचा दवाखाना त्याची साक्ष आहे.