राजगड : प्रत्येक माची लढती ठेवणारा गड

रायगडाला राज्याभिषेकाचं वैभव लाभलं, म्हणून राजधानी म्हटलं की आपण त्याचंच नाव घेतो. पण त्याआधी सुमारे पाव शतक स्वराज्याचा कारभार राजगडावरून चालला. अफजलखानाशी सामना, शाहिस्तेखानावरचा छापा, सुरतेची स्वारी, आग्र्याचं प्रस्थान हे सगळं याच काळातलं. सईबाईंचं निधन १६५९ मध्ये इथेच झालं आणि १६७० मध्ये राजाराम महाराज जन्मले तेही इथेच. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, तेव्हा राखलेल्या बारांत राजगड होता.

मुरुंबदेवाचा हा डोंगर शिवाजी महाराजांनी बांधून काढला. मधोमध ताशीव कड्याचा बालेकिल्ला आणि त्याच्या अंगाने तीन सोंडा: पद्मावती, सुवेळा, संजीवनी. सोंड सपाट करून तट घातला की माची होते. पद्मावती ऐसपैस, म्हणून तिथे तलाव, देऊळ आणि वस्ती. उरलेल्या दोन मात्र अरुंद आणि लांबलचक. शत्रूला सोंडेवरून चढणं सोपं, म्हणून बांधकामाचं खरं कसब तिथेच खर्ची पडलं आहे.

संजीवनीवर ते जवळून पाहावं. इथला तट दुहेरी आहे. बाहेरची भिंत, आतली भिंत आणि मधे माणूस वावरेल एवढी खोल, चिंचोळी पोकळी. बुरुजांनाही बाहेरून असंच दुसरं कवच आहे, म्हणून ते चिलखती बुरुज. आतल्या बाजूने अंधारा, अरुंद दगडी जिना त्या पोकळीत उतरतो. उतरताना दोन्ही खांदे दगडाला घासतात. एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. तोफांच्या माऱ्याने बाहेरची भिंत फुटली तरी आतली शाबूत राहते आणि खिंडारातून घुसलेला शत्रू त्या बोळात अडकून वरून मारा खातो. माचीवर पाण्याची टाकीही आहेत, म्हणजे ती वेढ्यात एकटी पडली तरी शिबंदी तगून राहील.

एक भाग गेला म्हणून गड जाऊ नये, हाच या रचनेमागचा विचार, आणि माझ्या मते सह्याद्रीत तो इतका पूर्णपणे दुसरीकडे कुठे उतरलेला नाही. १७०४ मध्ये त्याची कसोटी लागली. औरंगजेबाचं सैन्य माचीवर चढल्यावरही मराठे बालेकिल्ल्यात शिरून झुंजत राहिले. शेवटी गड पडला, बादशहाने त्याचं नाव ‘नबीशाहगड’ ठेवलं. पण १७०७ मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात राजगड आहे. गर्दी वाढेल, वाढावीही. मात्र बहुतेक जण बालेकिल्ला पाहून परततात. तुम्ही तसं करू नका. संजीवनीसाठी निवांत वेळ राखून ठेवा, त्या जिन्याने खाली उतरा आणि फोटोसाठी तटाच्या सुट्या चिऱ्यांवर मात्र चढू नका.