पन्नाशीचे पोट, सत्तरीची स्मृती

चरबी मेंदूला मारक की तारक, या प्रश्नाला संशोधनाने दिलेली दोन उत्तरे वरवर पाहता परस्परविरोधी आहेत. २००८ साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या साडेसहा हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या पोटाची जाडी ४० ते ४५ या वयात मोजलेली होती. ज्यांचे पोट सर्वांत जास्त सुटलेले होते, त्यांना पुढे तीन दशकांनी स्मृतिभ्रंश होण्याचा धोका सर्वांत सपाट पोटाच्या गटापेक्षा जवळजवळ तिप्पट निघाला. २०१५ साली ब्रिटनमधल्या सुमारे २० लाख लोकांच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या गेल्या आणि निष्कर्ष नेमका उलटा आला. कृश लोकांमध्ये धोका ३४ टक्क्यांनी जास्त, अतिलठ्ठांमध्ये २९ टक्क्यांनी कमी! ‘म्हातारपणी अंगावर थोडे मांस असलेले बरे’ या घरगुती समजुतीला त्यामुळे भक्कम आधार मिळाल्यासारखे झाले.

हा आधार जपून घ्यायला हवा, कारण वजनाचा अर्थ ते कोणत्या वयात मोजले यावर ठरतो. २०१८ साली संशोधक मिका किविमाकी आणि सहकाऱ्यांनी ३९ अभ्यासांतल्या १३ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. निदानाच्या २० वर्षांहून अधिक आधी मोजलेले वजन जास्त असेल, तर धोका वाढलेला दिसला. निदानाआधीच्या १० वर्षांत मोजले, तर तोच धोका घटलेला दिसला. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घ अभ्यासातही पन्नाशीतला लठ्ठपणा धोक्याचा ठरला, साठी-सत्तरीतला नाही. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांचे वजन निदानाच्या सुमारे ८ वर्षे आधीपासून इतरांपेक्षा कमी झालेले होते. अल्झायमरमध्ये मेंदूतले बदल विसरभोळेपणा जाणवण्याच्या १५-२० वर्षे आधी सुरू होतात. वास कळेनासा होतो, भूक मंदावते, स्वयंपाकातला आणि जेवणातला रस ओसरतो आणि माणूस वाळू लागतो. म्हणजे उतारवयातला बारीकपणा हे पुष्कळदा आजाराचे कारण नसून आजाराचीच पहिली खूण असते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. २०१५च्या संशोधकांनी लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेतला, तरी हाच कल टिकून राहतो असे दाखवले होते. पण लठ्ठ माणसे हृदयविकाराने आणि मधुमेहाने लवकर दगावतात. स्मृतिभ्रंशाच्या वयापर्यंत पोहोचतात ती त्यांच्यातली काटक माणसे. शिवाय वजनाचा काटा चरबी आणि स्नायू यांत फरक करत नाही. सत्तरीत वजन टिकून असण्यात स्नायूंचाही वाटा असू शकतो; त्याचे सारे श्रेय चरबीला देता येत नाही. उलट पोटातल्या अवयवांभोवती साठणारी चरबी शरीरात मंद दाह चालू ठेवते, इन्सुलिनचा प्रभाव कमी करते आणि रक्तदाब वाढवते. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना हे सारे घातक असते. दोष चरबीचा की तिच्यामागून येणाऱ्या मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा, असा वाद घालता येईल. पण चाळिशीतल्या माणसाने काय करावे, हे त्याने बदलत नाही.

‘आपण मुळात सडपातळ, हे सारे गोऱ्यांचे प्रश्न’ हा दुसरा आक्षेप पुण्यातच खोडला गेला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेली ही तुलना सांगते, की भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून चरबीचा असू शकतो. म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा मोजपट्टी महत्त्वाची: कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, आणि घरातली शुश्रूषा बहुतेक वेळा सुनेच्या किंवा मुलीच्या वाट्याला येते. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली, मध्यमवयातला लठ्ठपणा त्यांतलेच एक.

तेव्हा एकाच घरात दोन वेगळे नियम हवेत. चाळिशी-पन्नाशीतल्यांनी पोट कमी करावे, चालावे, साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवावा. सत्तरीतल्यांना मात्र उपाशी ठेवून बारीक करू नये. त्यांना डाळी, दूध, अंडी आणि झेपेल तेवढा व्यायाम द्यावा, दर महिन्याला वजन करावे. प्रयत्न न करता ते घटत असेल, तर ‘वय झाले की माणूस सुकतोच’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे जावे आणि स्मरणशक्तीचीही तपासणी करून घ्यावी.