टेंभी नाक्यावरचं पिल्लू आणि फुकटचे सल्ले

ठाण्यात टेंभी नाक्याच्या आसपास कुणाकडे कुत्र्याचं पिल्लू आलं, की त्याच्यामागोमाग सल्ले येतात. जिन्यात भेटणारे काका, खालचा इस्त्रीवाला, डोंबिवलीची आत्या, सगळ्यांकडे कुत्रं पाळण्याचं शास्त्र तयार असतं. त्यातले निम्मे सल्ले निरुपद्रवी असतात. बाकीच्यांचा समाचार घेणं भाग आहे, कारण पिल्लाचे पहिले चार महिने सल्ल्यांच्या घोळात गेले, तर पुढची दहा-बारा वर्षं त्याची वसुली होते.

गैरसमज: सगळे डोस होईपर्यंत पिल्लाला घराबाहेर काढायचंच नाही.

हे अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच जास्त घातक. पार्वोची भीती खरी आहे. हा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनाईलला दाद देत नाही, आणि उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू झाले की लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांचं असताना देतात आणि पुढचे डोस दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही आणि ती नेमकी कधी ओसरेल हे सांगता येत नाही, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात.

गोची अशी, की पिल्लाचं मन उघडं असण्याचा काळ त्याआधीच संपतो. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी 1965 साली आपल्या दीर्घ अभ्यासाचं पुस्तक काढलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं-ऐकतं ते त्याला ‘आपलं’ वाटतं, हा त्यातला गाभा. आता काहीजण ही मुदत चौदा आठवड्यांपर्यंत धरतात. म्हणजे सोळा आठवडे घरात कोंडलेलं पिल्लू पहिल्यांदा खाली उतरतं, तेव्हा रिक्षा, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, सगळंच त्याला शत्रू वाटू शकतं. मग लोक म्हणतात, ‘जातच तापट’.

उपाय सोपा आहे: बाहेर न्यायचं, पण जमिनीवर ठेवायचं नाही. पहिली लस आणि जंताचं औषध झालं, की पिल्लाला कापडी पिशवीत किंवा कडेवर घेऊन सकाळी नाक्यावर दहा मिनिटं उभं राहावं. हॉर्न वाजतो, पिल्लाचे कान मागे जातात, ते अंग चोरतं. अशा वेळी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्यावा. चार-सहा दिवसांत हॉर्न वाजला की ते आपल्या खिशाकडे बघू लागतं! कुत्रं पाळण्यातलं हे पहिलं मोठं सुख, आणि ते फुकट आहे. जांभळी नाक्याचा बाजार, तलावपाळीचा कट्टा, सगळं असंच कडेवरून दाखवावं. भटक्या कुत्र्यांच्या विष्ठेची जागा आणि अनोळखी कुत्री मात्र कटाक्षाने टाळावीत.

गैरसमज: घाबरलं तर जवळ घेऊ नका, भित्रं होईल.

टेंभी नाक्यावर राहणाऱ्यांनी हे आधी डोक्यातून काढावं. शिवसेनेच्या आनंद दिघेंनी सुरू केलेली इथली दहीहंडी आणि नवरात्र, म्हणजे ढोल, डीजे, फटाके आणि मध्यरात्रीपर्यंत माणसांचा पूर. त्यात आपल्याला वीस हजार हर्ट्झच्या पुढे काही ऐकू येत नाही, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचंही ऐकू येतं. भीती ही भावना आहे, सवय नव्हे. जवळ घेतल्याने ती वाढत नाही. ओरडल्याने, किंवा ‘सवय होऊ दे’ म्हणून गॅलरीत बांधल्याने नक्की वाढते. जूनमध्ये पिल्लू आणलं असेल, तर जेवणाच्या वेळी मोबाइलवर ढोल अगदी बारीक आवाजात लावून ठेवावा आणि दिवसागणिक किंचित वाढवावा. खुद्द हंडीच्या दिवशी आतली खोली, बंद खिडक्या, चालू पंखा. कडेवर घेऊन गोविंदा दाखवायला जाण्याची हौस त्या दिवशी बाजूला ठेवा.

गैरसमज: घरात शू केली की नाक त्यात घासायचं.

यातून पिल्लू एवढंच शिकतं, की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे रोखून धरता येत नाही, तेवढी ताकदच नसते. झोपेतून उठलं, खाल्लं, खेळलं, की लगेच ठरलेल्या जागी न्यावं आणि तिथे केल्याबरोबर कौतुक करावं. रात्री अलार्म लावून उठावं लागतं, त्याला इलाज नाही. फिनाईलने पुसल्यावर वास आपल्या नाकाचा जातो, त्याच्या नव्हे. म्हणून ते त्याच जागी परत येतं. वास मुळातून काढणारे एन्झाइमवाले क्लीनर मिळतात, ते वापरावेत.

गैरसमज: दूध-पोळीवर कुत्रं मस्त वाढतं.

जगतं, वाढत नाही. गाईम्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही आणि जुलाब लागतात. वाढत्या अंगाला अंडं, चिकन किंवा पिल्लांसाठीचं तयार खाणं हवं. कांदा-लसणाचा रस्सा, चॉकलेट, द्राक्षं आणि प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा कुत्र्याला विषारी ठरू शकतो. आजीच्या हाताला हे सांगणं अवघड, पण सांगावं.

गैरसमज: चावरं पिल्लू पुढे चावकं कुत्रं होतं.

अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस यायचे असतात, हिरड्या शिवशिवतात. सहा-सात महिन्यांपर्यंत हे चालतं. चावलं की खेळ तिथल्या तिथे थांबवावा आणि चघळायला खेळणं द्यावं. थोबाडीत मारू नये. एखाद्या सकाळी चटईवर तांदळाच्या कणीएवढा दात सापडतो. लोक तो डबीत जपून ठेवतात. मीही त्यांना हसत नाही.

गैरसमज: पिल्लाच्या दाताने रेबीज होत नाही.

होऊ शकतो. पिल्लालाही रेबीज होतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. भटक्या किंवा लस न झालेल्या पिल्लाचा दात किंवा नख लागलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी, हळद-चुना लावू नये, त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावं आणि इंजेक्शनं मध्येच सोडू नयेत.

गैरसमज: सोसायटीने ठराव केला की कुत्रं ठेवता येत नाही.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमतानेही अशी बंदी घालता येत नाही, आणि लिफ्टही नाकारता येत नाही. पण जिन्यातली घाण उचलायची जबाबदारी मालकाचीच. हक्क सांगणारे पुष्कळ, पिशवी घेऊन खाली उतरणारे कमी.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्याने मनाई आहे. ‘महिन्याचं आहे, लवकर लळा लागेल’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका. आणि पिल्लू घरी आलं, की स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहिता, तिथेच पुढच्या डोसची तारीख लिहा. तिसरा महिना पूर्ण झाला की रेबीजची लस.