सुईची भीती आणि समजुतीचा मार्ग

कामगार संघटनेच्या कामात आमची हयात गेली. जोर करून एखादे काम एकदा उरकता येते, पण पुढच्या खेपेचा विरोध त्याने दुप्पट होतो, हे आम्ही कारखान्याच्या दारात शिकलो. दवाखान्यातही तोच अनुभव येतो.

स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे अथवा प्रौढाचे रक्त काढायचे असले, म्हणजे पुष्कळदा चौघे हातपाय धरतात आणि पाचवा सुई टोचतो. रक्त मिळते, विश्वास जातो. पुढच्या वेळी तो माणूस दवाखान्याच्या पायरीवरच बसकण मारतो. मग घरची माणसे तपासणीच टाळू लागतात, आणि मधुमेह, पंडुरोग यांसारखी दुखणी आतल्या आत वाढत राहतात.

या भीतीला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. अनोळखी खोली, स्पिरिटचा वास, दंडाला आवळलेला रबरी पट्टा, एकाच वेळी बोलणारी तीन माणसे, हे सारे सुईच्या आधीच अंगावर येते. स्वमग्न व्यक्तीला आवाज, वास, स्पर्श फार तीव्रतेने जाणवू शकतात. ‘आता काय करणार?’ हे विचारण्याइतके शब्दही सर्वांजवळ नसतात.

भीती पायरीपायरीने उतरते. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची हकीकत १९२४ साली प्रसिद्ध केली. मूल आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा हळूहळू जवळ आणला. अखेर मूल सशाला गोंजारू लागले. सुईच्या बाबतीतही हाच मार्ग उपयोगी पडतो.

तपासणीच्या काही दिवस आधी घरी सराव करावा. क्रमाने चित्रे दाखवावीत. मग खुर्चीत बसणे, बाही वर करणे, पट्टा बांधणे, ओला बोळा पुसणे, बिनसुईची पिचकारी हाताला टेकवणे, अशी एकेक पायरी घ्यावी. एक पायरी शांतपणे जमल्याशिवाय दुसरी घेऊ नये. जमली की शाबासकी आणि आवडीची वस्तू द्यावी. ‘दुखणार नाही’ असे खोटे सांगू नये. ‘थोडे टोचेल, मग संपेल’ असे सांगावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने कातडी बधिर करणारे मलम सुमारे तासभर आधी लावता येते. त्या दिवशी गर्दी नसलेली वेळ व शांत खोली मागावी. एकानेच बोलावे. कोणता हात, हे त्यालाच ठरवू द्यावे, आणि ‘थांबा’ची खूण केली की खरोखर थांबावे.

जिवावरचा प्रसंग असेल तर गोष्ट वेगळी. पण नेहमीची तपासणी डॉक्टरांना विचारून चार दिवस पुढे ढकलता येते.

इतका वेळ कोण देणार, असे कोणी विचारील. पण धरपकडीतही वेळ जातोच, आणि तो दर खेपेस वाढत जातो. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा व्यक्तींना तपासणीत आणि उपचारांत अग्रक्रम मिळवून देण्याची जबाबदारी सरकारवर व स्थानिक संस्थांवर टाकली आहे. तेव्हा लवकरची वेळ मागताना आईबापांनी मान खाली घालू नये. रांगेतल्या आपण सर्वांनी त्यांना आनंदाने पुढे जाऊ द्यावे.